लिव्हरवर्टच्या नावात यकृत कुठून आले? पाचशे वर्षांपूर्वीच्या बंडखोर वैद्याची गोष्ट

अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो, म्हणून तो मेंदूसाठी चांगला. गाजराची चकती डोळ्याच्या बुबुळासारखी, म्हणून ती डोळ्यांसाठी. राजम्याचा दाणा मूत्रपिंडासारखा, म्हणून तो किडनीसाठी. हा मेसेज फॅमिली ग्रुपवर एकदा तरी आलाच असेल. सोबत फोटो, खाली हात जोडलेला इमोजी आणि दहा जणांना पाठवण्याची विनंती.

मेसेज व्हॉट्सअॅपच्या काळातला असला तरी त्यातला विचार शेकडो वर्षांपूर्वीचा आहे. त्याची एक खूण ओल्या भिंतींवर, ओढ्याकाठच्या दगडांवर आणि सावलीतल्या कुंड्यांमध्ये उगवते. तिचे इंग्रजी नाव लिव्हरवर्ट. या नावाची गोष्ट निघाली की एका माणसाचे नाव हमखास येते, ते म्हणजे पॅरासेल्सस. सोळाव्या शतकातला हा वैद्य आजच्या औषधशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही भेटतो आणि अंधश्रद्धेच्या इतिहासातही. एकाच माणसाच्या वाट्याला या दोन्ही जागा कशा आल्या?

लिव्हरवर्ट म्हणजे नेमके काय?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ब्रायोफायटा या गटात मर्केंशिया आणि रिक्सिया ही नावे वाचल्याचे अनेकांना आठवत असेल. परीक्षेत हमखास एका गुणाला येणारी ही जोडी लिव्हरवर्टपैकीच. मराठी परिभाषेत या गटाला यकृतका म्हणतात. या वनस्पतींना खरी मुळे नसतात आणि पाणी वर चढवणाऱ्या नलिकाही नसतात. मर्केंशियाचे शरीर म्हणजे जमिनीला चिकटून पसरलेली, फाटे फुटत जाणारी हिरवी पट्टी. मटणाच्या दुकानात कलेजी पाहिलेल्या माणसाला तिच्या गोलसर, खाचा पडलेल्या कडा लगेच ओळखीच्या वाटतील. जुन्या युरोपातल्या लोकांनाही तसेच वाटले.

वर्ट हा जुन्या इंग्रजीतला वनस्पतीसाठीचा शब्द. लिव्हर म्हणजे यकृत. जर्मन भाषेत याच गटाला यकृताचे शेवाळ अशा अर्थाचे नाव आहे, तर लॅटिनमध्ये हेपॅटिका. हेपॅटायटिस हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्यावरूनच हेही नाव आले.

इथे एक दुरुस्ती गरजेची आहे. हे नाव पॅरासेल्ससने दिले असा समज अनेक ठिकाणी पसरलेला दिसतो. तो चुकीचा आहे. हा शब्द त्याच्या जन्माच्या कित्येक शतके आधीपासून जुन्या इंग्रजीत होता. आकारावरून औषध ओळखायची सवय लोकांना आधीच होती. पॅरासेल्ससने त्या सवयीला सिद्धान्ताचे बळ दिले.

खाणींच्या गावात वाढलेला मुलगा

त्याचे खरे नाव थिओफ्रास्टस फॉन होहेनहाइम. जन्म १४९३ किंवा १४९४ मधला, आजच्या स्वित्झर्लंडमधल्या आइनसीडेल्न या तीर्थक्षेत्राच्या गावी. वडील विल्हेल्म वैद्य होते. आई लवकर गेली. १५०२ च्या सुमारास वडील मुलाला घेऊन आजच्या ऑस्ट्रियातल्या फिलाख या गावी आले आणि तिथेच गावाचे वैद्य म्हणून स्थिरावले.

फिलाखच्या परिसरात खाणी होत्या. त्या काळातले युरोपातले बडे सावकार, फुगर घराणे, यांचा पैसा या खाणकामात गुंतलेला होता. मुलाने वडिलांकडून झाडपाला ओळखायला शिकून घेतले आणि भट्टीवरच्या माणसांकडून दगडातून धातू कसा वेगळा होतो ते पाहिले. दगडात धातू दिसत नाही, आगीत घातल्यावर तो बाहेर येतो. हे चित्र त्याच्या डोक्यात कायमचे बसले. पुढे औषधाचा विचारही तो असाच करत राहिला. वनस्पती हा जणू दगड, तिच्यातला गुण हा धातू आणि वैद्य म्हणजे भट्टीवरचा माणूस.

इटलीतल्या फेरारा इथे आपण वैद्यकाची पदवी घेतली, असे तो सांगे. त्या नोंदी मात्र सापडलेल्या नाहीत. नंतरची काही वर्षे तो युरोपभर भटकला आणि सैन्यांबरोबर शल्यचिकित्सक म्हणूनही राहिला. न्हावी, सुइणी, भटके लोक, गावठी उपचार करणाऱ्या बाया यांच्याकडून तो शिकत गेला आणि हे त्याने कधी लपवले नाही. विद्यापीठात शिकलेल्या डॉक्टरांना त्याचा राग येण्याचे ते पहिले कारण.

पॅरासेल्सस हे नाव त्याने नंतर घेतले. प्राचीन रोममधल्या सेल्सस या वैद्यकीय लेखकाच्याही पुढचा, असा त्याचा अर्थ सहसा लावला जातो. नम्रता हा त्याचा गुण नव्हता.

बाझेलमध्ये काय घडले?

१५२७ मध्ये बाझेल शहरातला नामांकित मुद्रक योहान फ्रोबेन पायाच्या दुखण्याने बेजार होता. पाय कापावा लागेल अशी वेळ आली होती. पॅरासेल्ससने तो वाचवला. फ्रोबेनच्या घरी त्या काळातला सर्वात गाजलेला विद्वान इरॅस्मस राहत असे. त्यानेही स्वतःच्या दुखण्यांसाठी पॅरासेल्ससला पत्र लिहून सल्ला मागितला. या ओळखींच्या जोरावर पॅरासेल्सस बाझेलचा शहरवैद्य झाला. या पदाबरोबर विद्यापीठात शिकवण्याचा हक्कही मिळत असे.

आता त्या काळचे वैद्यक काय होते ते पाहायला हवे. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलेन आणि अकराव्या शतकातला इब्न सीना यांचे ग्रंथ म्हणजे अंतिम शब्द. शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार द्रव असतात आणि त्यांचा तोल बिघडला की आजार होतो, अशी मांडणी. आपल्याकडच्या वात-पित्त-कफाची आठवण व्हावी अशी, पण तिच्याहून वेगळी. प्राध्यापक उंच आसनावर बसून लॅटिनमध्ये ग्रंथ वाचत. रुग्णाला हात लावण्याचे काम न्हाव्याचे.

पॅरासेल्ससने एकदम सगळे उलटे केले. तो लॅटिनऐवजी जर्मनमध्ये शिकवू लागला. व्याख्यानांना न्हावी-शल्यकारही येऊ लागले. जुने ग्रंथ नव्हे, स्वतःचा अनुभव शिकवणार, असे त्याने जाहीर केले. २४ जून १५२७ रोजी सेंट जॉनच्या सणाची होळी पेटली, तेव्हा त्याने प्रमाण मानला जाणारा एक वैद्यकग्रंथ त्या आगीत टाकला. तो इब्न सीनाचा होता असे सांगितले जाते. सात वर्षांपूर्वीच मार्टिन ल्यूथरने पोपचा आदेश जाळला होता. त्यामुळे विरोधकांनी पॅरासेल्ससला वैद्यकातला ल्यूथर म्हणायला सुरुवात केली. ते कौतुक नव्हते.

हे फार दिवस चालणार नव्हतेच. गेलेनच्या आत्म्याने नरकातून पॅरासेल्ससची खिल्ली उडवली आहे, अशा थाटाचे निनावी पद्य शहरात चिकटवले गेले. ऑक्टोबरमध्ये फ्रोबेन वारला आणि मोठा आधार गेला. मग एका श्रीमंत धर्माधिकाऱ्याचे प्रकरण झाले. त्याने बरे केल्यास १०० गुल्डेन देण्याचे कबूल केले होते. पॅरासेल्ससच्या थोड्याशा औषधाने तो लवकर बरा झाला आणि इतक्या कमी औषधाचे इतके पैसे कसले, म्हणून त्याने फक्त ६ गुल्डेन पुढे केले. पॅरासेल्सस कोर्टात गेला आणि हरला. त्यावर त्याने न्यायाधीशांवरच इतकी जळजळीत टीका केली की अटक होण्याची वेळ आली. १५२८ च्या सुरुवातीला तो शहरातून पळाला. नोकरी जेमतेम वर्षभर टिकली आणि पुन्हा कोणत्याही विद्यापीठाने त्याला जागा दिली नाही.

महागडे लाकूड आणि एक बंद पडलेले पुस्तक

त्या दशकांत युरोपात सिफिलिसने थैमान घातले होते. हा आजार अमेरिकेतून आला असे मानले जात होते आणि त्यावर ग्वायक नावाच्या झाडाचे लाकूड उकळून देत. हे झाडही अमेरिकेतलेच. जिथे रोग तिथेच देवाने औषध ठेवले असणार, हा त्यामागचा तर्क. लाकूड महाग होते आणि त्याच्या व्यापारात फुगर घराण्याचे हितसंबंध होते. उलरिश फॉन हुटेन या जर्मन लेखकाने या लाकडाने आपण बरे झालो असे सांगणारे पुस्तक १५१९ मध्ये लिहिले होते. चारच वर्षांनी तो त्याच आजाराने गेला.

न्यूरेम्बर्गमध्ये पॅरासेल्ससने या लाकडाविरुद्ध लिहिले. ते निरुपयोगी आहे असे त्याचे म्हणणे होते. पाऱ्याचा उपयोग होतो, पण तो बेसुमार वापरला जातो आणि त्यानेच माणसे मरतात, म्हणून तो मोजून द्यायला हवा, असे तो सांगत होता. १५३० मध्ये या विषयावर त्याचे पुस्तक आले. लाइपझिगच्या वैद्यकीय शाखेने आक्षेप घेतला आणि न्यूरेम्बर्गच्या नगर परिषदेने त्याच्या पुढच्या लिखाणाच्या छपाईवर बंदी घातली.

गंमत अशी की, रोगाच्या जागीच औषध असणार हा निसर्गाच्या खुणा वाचण्याचाच एक प्रकार होता. तो पॅरासेल्ससने इथे झिडकारला, कारण रुग्ण बरे होत नव्हते. वनस्पतींच्या आकाराच्या बाबतीत मात्र त्याने हीच कसोटी लावली नाही.

मग आकारावरून औषध ओळखण्याचे काय?

या कल्पनेला सिग्नेचर म्हणजे खुणांचा सिद्धान्त म्हणतात. देवाने प्रत्येक वनस्पतीवर तिच्या गुणाची खूण उमटवून ठेवली आहे आणि ती वाचता येणे हे वैद्याचे कौशल्य, असे पॅरासेल्सस मानत होता. सेंट जॉन्स वर्ट या झाडाची पाने उजेडात धरली की बारीक छिद्रे असल्यासारखी दिसतात, म्हणून ती भोसकल्याच्या जखमांसाठी. काही ऑर्किडचे जोडकंद वृषणांसारखे, म्हणून ते पुरुषांच्या तक्रारींसाठी.

आज हे हास्यास्पद वाटते. पण त्याच्या जागी उभे राहून पाहिले तर ते बिनबुडाचे नव्हते. त्याने गेलेनला फेकून दिले होते. ग्रंथावर विश्वास नाही, तर मग कोणते झाड कोणत्या रोगावर चालते हे ठरवायचे कसे? रासायनिक विश्लेषण नव्हते, रुग्णांचे दोन गट करून तुलना करण्याची पद्धत नव्हती. निसर्ग हेच पुस्तक मानायचे तर त्याला लिपी हवी आणि त्याला ती आकार, रंग, वास यांत दिसली. वर देव माणसाला निराधार सोडणार नाही, ही त्याची पक्की श्रद्धा.

शिवाय त्याच्या लेखी खूण म्हणजे शेवट नव्हता. खूण फक्त दार दाखवते. आतला खरा गुण आगीने, ऊर्ध्वपातनाने, भट्टीवर वेगळा काढावा लागतो. वनस्पतीतून औषधी अर्क वेगळा काढायचा, हा विचार पुढे रसायनशास्त्राच्या कामी आला.

विष आणि मात्रा

उरलेली वर्षे भटकंतीची. या गावातून त्या गावात, कुठे रुग्ण बरे करत, कुठे भांडण करून निघत. १५३६ मध्ये शल्यचिकित्सेवरचा त्याचा मोठा ग्रंथ छापला गेला आणि चांगला खपला. जखमेवर नाही नाही ते लेप थापण्यापेक्षा ती स्वच्छ ठेवावी, शरीर स्वतः ती भरून काढते, असा त्याचा आग्रह होता.

त्याचे सर्वात टिकाऊ काम खाणकामगारांवरचे आहे. लहानपणी पाहिलेली ती माणसे खोकून खोकून मरत. डोंगरातल्या आत्म्यांचा कोप, असे लोक म्हणत. पॅरासेल्ससने १५३० च्या दशकात एका पुस्तकात लिहिले की खाणीतल्या आणि भट्टीवरच्या धातूंच्या वाफा श्वासातून आत जातात आणि फुप्फुसाचा रोग होतो. एका विशिष्ट कामामुळे होणाऱ्या आजारावरचे हे पहिल्या स्वतंत्र पुस्तकांपैकी एक. ते छापले गेले १५६७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर २६ वर्षांनी.

विरोधक त्याच्यावर विष देत असल्याचा आरोप करत. १५३८ मध्ये त्याने उत्तर लिहिले. त्याचा गाभा असा की कोणताही पदार्थ विषारी आहे की नाही हे त्याच्या मात्रेवर ठरते. विषशास्त्राच्या पहिल्या तासाला आजही हेच शिकवतात.

सप्टेंबर १५४१ मध्ये साल्झबर्गमध्ये, एका खानावळीच्या खोलीत त्याने मृत्युपत्र सांगितले. शस्त्रक्रियेची अवजारे आणि मलमे गावातल्या एका न्हाव्याला, उरलेले बरेचसे गरिबांना. तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला तो वारला. वय पन्नाशीच्या आत. मारहाणीत मेला, दारूने मेला, अशा अफवा उठल्या. त्याच्या हाडांच्या अलीकडच्या तपासणीत पाऱ्याचे प्रमाण बरेच जास्त आढळले. आयुष्यभर पाऱ्याशी खेळलेल्या माणसाच्या बाबतीत ते फार आश्चर्याचे नाही.

मृत्यूनंतर खुणांचा धंदा

जिवंतपणी त्याचे लिखाण फारसे छापले गेले नव्हते. मृत्यूनंतर हस्तलिखिते गोळा झाली आणि १५८९ ते १५९१ या काळात बाझेलमध्येच, जिथून तो पळाला होता तिथे, त्याच्या लिखाणाचे १० खंड निघाले. तोवर खुणांची कल्पना त्याच्या हातातून निसटली होती. १५८८ मध्ये नेपल्समध्ये जाम्बातिस्ता देल्ला पोर्ता याचे पुस्तक आले. त्यात वनस्पतींच्या चित्रांशेजारी शरीराचे अवयव आणि प्राणी काढलेले होते. फोटोला फोटो जुळवणाऱ्या आजच्या मेसेजचा हा पूर्वजच. सतराव्या शतकात विल्यम कोल्स या इंग्रज लेखकाने अक्रोड आणि मेंदूची जोडी सविस्तर लावून दिली. भट्टी, अर्क, मात्रा हे सगळे मागे पडले. उरले फक्त दिसणे.

दिसण्यावर विसंबण्याची किंमत किती असू शकते? युरोपात बर्थवर्ट नावाची वेल आहे, फुलाचा आकार गर्भाशयाची आठवण करून देणारा. म्हणून ती शतकानुशतके बाळंतपणात दिली गेली. तिच्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असते. ते मूत्रपिंड निकामी करते आणि कर्करोगाला कारणीभूत ठरते. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांमध्ये याच कुळातली दुसरी एक वनस्पती मिसळली गेली आणि शंभराहून अधिक रुग्णांच्या, मुख्यतः स्त्रियांच्या, मूत्रपिंडांना इजा झाली. फुलाच्या आकारातून हे विष कुणाला दिसले नसते.

लिव्हरवर्टने इतके नुकसान केल्याची नोंद नाही. यकृताचा आजार त्याने बरा झाल्याचा पुरावाही नाही. शिवाय एकाच नावाचा गोंधळ होता. तीन खाचांच्या पानांची हेपॅटिका नावाची एक फुलझाडाची जातही लिव्हरवर्ट म्हणूनच ओळखली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तिच्या पानांपासून यकृताची टॉनिके बनवून बाटल्यांमधून विकली गेली. नाव होते, मग औषध तयार करणे सोपेच.

आज लिव्हरवर्ट कुठे आहे?

जगात या वनस्पतींच्या सात हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य यकृतासारख्या दिसतच नाहीत. त्यांना बारीक पानांच्या रांगा असतात आणि लांबून त्या मॉससारख्या वाटतात. म्हणजे ज्या खुणेवरून नाव पडले, ती खूणही गटातल्या थोड्यांनाच लागू.

भारतातल्या लिव्हरवर्टचा पाया रचला तो शिवराम कश्यप यांनी. १८८२ मध्ये झेलम इथे जन्मलेल्या कश्यप यांचे पहिले शिक्षण आग्र्याच्या वैद्यकीय शाळेत झाले. म्हणजे तेही आधी डॉक्टरच. पुढे ते लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, हिमालयात फिरून नमुने गोळा केले आणि १९२९ व १९३२ मध्ये पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातल्या लिव्हरवर्टवर दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना या वनस्पतींच्या खाचांमध्ये रस होता तो यकृतासाठी नाही. साध्या शरीराची रचना कुठून आली, हा त्यांचा प्रश्न होता. काही साध्या जाती गुंतागुंतीच्या पूर्वजांपासून रचना गमावत आल्या असाव्यात, असे त्यांनी मांडले.

मर्केंशियाच्या पट्टीवर बारीक वाट्या असतात आणि त्यात हिरव्या चकत्या. पावसाचा थेंब वाटीत पडला की चकत्या उडतात आणि जवळपास पडून नवे रोप तयार होते. पाण्यावरून जमिनीवर आलेल्या सुरुवातीच्या वनस्पती कशा असतील हे समजून घेण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये आता हीच मर्केंशिया वाढवतात. २०१७ मध्ये तिचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. युरोप-अमेरिकेतल्या नर्सरीवाल्यांना मात्र तिचा वैताग येतो. सतत ओल्या कुंड्यांवर ती पसरते, मातीत पाणी जिरू देत नाही आणि तिला हाताने खरवडून काढावे लागते. चार चकत्या राहिल्या की पुढच्या पाण्याला ती पुन्हा हजर असते.